आधी उचलू नका

माझ्या हुद्द्याचं नाव आहे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन. ते पूर्ण उच्चारेपर्यंत पेशंटचा धीर सुटायचा, म्हणून कोणी उच्चारत नाही. कर्जतच्या बाजारात मला कोणी सिस्टर म्हणतं, कोणी डॉक्टरीणबाई, आणि कशेळ्याकडचे, म्हणजे माझ्या माहेरच्या बाजूचे लोक सरळ 'अँब्युलन्सवाली सुरेखा' म्हणतात. मी सिस्टर नाही, डॉक्टरीण तर नाहीच. अँब्युलन्सवाली मात्र आहे, आणि हे नाव ऐकून मान वर करायला मला आता काही वाटत नाही. सुरुवातीला वाटायचं. आईला तर फार वाटायचं. बारावी सायन्स करून पोरगी मुंबईला बँकेत जाईल असं तिच्या मनात होतं, आणि मी आणलं काय, तर सायरन.

लोकांना अँब्युलन्स म्हणजे आडवं पडून जायची टॅक्सी वाटते. आजारी माणूस आत टाकायचा, भोंगा वाजवायचा आणि दवाखान्याच्या दारात उतरवायचा. मग मागे बसलेली बाई कशाला लागते? तर ती बाई लागते ती दवाखाना येईपर्यंत माणूस टिकवायला. बंद होत चाललेला श्वास चालू ठेवायचा, वाहणारं रक्त दाबून धरायचं, मोडलेलं हाड आणखी मोडू द्यायचं नाही, साखर बघायची, ऑक्सिजन लावायचा, अडलेलं बाळंतपण गाडीतच उरकायची वेळ आली तर तेही उरकायचं. औषधाचं काही असेल तर फोनवर डॉक्टर असतात, ते सांगतात तसं करायचं. काही गाड्यांवर डॉक्टर स्वतः असतो. आमच्या गाडीवर आम्ही दोघंच. मागे मी आणि पुढे वामनदादा.

वामनदादा आधी भाजीचा टेंपो चालवायचे. पहाटे वाशीच्या मार्केटला माल पोचवायचा म्हणजे कसं पळवायचं ते त्यांना ठाऊक आणि टोमॅटो फुटू न देता कसं पळवायचं तेही ठाऊक. पेशंटच्या पोटातलं पाणी हलू न देता चौक गावापासून पनवेलपर्यंत गाडी नेणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. बोलतात कमी. माझ्याशी बोलायचं असलं तर आरशात बघून भुवया उडवतात.

या नोकरीत सगळ्यांत अवघड काय, असं मला नातेवाईक विचारतात. त्यांना रक्त, असं उत्तर हवं असतं. रक्ताची सवय होते. अवघड असतं ते लोकांना थांबवणं. अपघात झाला की आपल्याकडची माणसं धावून येतात, यात काही खोटं नाही. पण धावून आली की पहिलं काम करतात ते उचलण्याचं. एक हात धरतो, दुसरा पाय धरतो आणि कुठेतरी नेतात. का नेतात, तर काहीतरी केल्यासारखं वाटतं.

खालापूरच्या टोलनाक्याच्या अलीकडे एकदा कोंबड्यांचा टेंपो एका ट्रेलरला मागून धडकला होता. आम्ही पोचलो तेव्हा सकाळचं कोवळं ऊन पडलं होतं आणि रस्ताभर पिसं उडत होती. फुटलेल्या जाळ्यांतून कोंबड्या सुटल्या होत्या आणि त्यांच्यामागे माणसं. मोटारी बाजूला लावून, चांगली इस्त्रीची शर्टं घातलेली माणसं कोंबड्या धरत होती. टेंपोचा चालक आतच होता. समोरचा पत्रा त्याच्या गुडघ्यांवर बसला होता. दोघंतिघं खिडकीतून हात घालून त्याला ओढत होते.

"सोडा त्याला," मी ओरडले. "पाय अडकलाय. ओढून निघायचा नाही."

ते बाजूला झाले, पण नाराजीने. मी दुसऱ्या दारातून आत शिरले आणि सीटच्या मागे कशीबशी बसले. चालकाचं नाव संपत. कराडकडचा गडी, मिशा मोठ्या, चेहरा पांढराफटक. शुद्धीवर होता. मानेला मागून हात लावला तर कळवळला, आणि हाताच्या बोटांना मुंग्या येतायत म्हणाला. तेवढं ऐकल्यावर मी त्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं आणि सांगितलं, "आता मान हलवायची नाही. हसायचं नाही, रडायचं नाही, मागं बघायचं नाही."

मानेचं हाड दुखावलं असेल तर माणूस त्या क्षणी धडधाकट बोलतो. मग कुणीतरी त्याला उठवून बसवतं, मान वळते, आणि तो जन्माचा अंथरुणाला खिळतो. म्हणून डोकं धरून ठेवायचं. सांगायला काम एवढंच. पत्रा कापणारे येईपर्यंत आणि मानेला पट्टा बांधून त्याला फळीवर घेईपर्यंत.

"बाई, कोंबड्या पळाल्या न्हवं का?" संपतने विचारलं.

"असतील. तुम्ही समोर बघा."

"आवो, पर लोकं नेत्यात का त्या? आरशात दिसंना मला. जरा वळून बघतो."

"खबरदार वळलात तर!"

"मालकाला काय सांगू मी?"

मला आरसा दिसत होता. आरशात एक गृहस्थ दोन कोंबड्या पायाने धरून मोटारीच्या डिकीत टाकत होते. मी म्हटलं, "धरतायत लोक. धरून परत जाळीत टाकतायत."

"खरं?"

"अगदी खरं. एक बाई तर मोजून टाकतीय."

त्याने डोळे मिटले. खांदे सैल पडले. पत्रा कापणाऱ्यांनी आपलं काम संपवलं तेव्हा माझे हात खांद्यापासून बधिर झाले होते आणि वामनदादांना मला ओढून बाहेर काढावं लागलं. मानेतलं हाड खरंच मोडलं होतं. पनवेलला ऑपरेशन झालं. काही महिन्यांनी त्याचा फोन आला, नंबर त्याने वामनदादांकडून घेतला होता. म्हणाला, "ताई, लई खोटं बोललासा. निम्म्या कोंबड्या गेल्या." मग जरा थांबून म्हणाला, "पर चालतूया मी. शेतात जाऊन आलो आज."

असे फोन फार येत नाहीत. आम्ही माणसाला दवाखान्याच्या दारात सोडतो आणि पुढच्या कॉलला निघतो. पुढे त्याचं काय झालं ते बहुतेक वेळा कळत नाही. पळसदरीच्या बाजूच्या एका म्हाताऱ्याचं मात्र कळलं, कारण त्याने स्वतःच गाव गोळा करून सांगितलं. छातीत जळजळतंय म्हणून सुनेने फोन केला होता. आम्ही पोचलो तर हे गोठ्यात, म्हशीजवळ बसलेले, घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. मी तिथेच शेणाच्या पाटीशेजारी बसून त्यांच्या छातीला तारा लावल्या आणि निघालेला ईसीजीचा कागद फोनवरून डॉक्टरांना पाठवला. हार्ट अटॅकच होता.

"चला आजोबा, लगेच निघायचंय."

"म्हशीची धार काडू दे आदी."

"जिवाशी खेळ आहे हा!"

"म्हशीचा पन जीवच हाय. ती दुसऱ्या कुनाला हात लावू देत नाय."

मी काही बोलायच्या आत सून पुढे झाली. लग्न होऊन आल्यापासून तिला त्या म्हशीला हात लावायची परवानगी नव्हती, असं नंतर समजलं. तिने सासऱ्यांच्या हातातली चरवी घेतली आणि म्हणाली, "मी काडते मामंजी. लाथ मारली तर खाईन. तुमी जा." म्हातारा अख्ख्या वाटेवर ऑक्सिजनच्या मास्कमधून एकच विचारत होता, म्हशीने दूध दिलं का? वामनदादांनी दवाखान्याच्या दारात गाडी उभी केल्यावर फोन लावून विचारलं. दिलं होतं. मग आजोबा निवांत स्ट्रेचरवर पडले. महिन्याभराने घरी आले. म्हैस आता सुनेची.

सगळी अशी परत येत नाहीत, हेही लिहायला हवं. उन्हाळ्यात एकदा डोंगरावरच्या एका वाडीतून यमुना नावाच्या तरण्या बाईला चादरीच्या झोळीत घालून खाली आणलं होतं. वाडीला रस्ता नाही, गाडी पायथ्याशीच थांबते. जमिनीवर झोपलेली असताना मण्यार चावली होती. मण्यार चावली की फार दुखत नाही, सूज येत नाही, म्हणून घरच्यांना उजाडेपर्यंत कळलंच नाही. माझ्या हातात आली तेव्हा तिच्या पापण्या उचलत नव्हत्या आणि श्वास मंदावत चालला होता. मी मास्क तोंडावर धरून फुग्याने तिला श्वास देत राहिले, दवाखान्यापर्यंत, आणि तिथेही त्यांनी हातातून घेईपर्यंत. ती गेली. तिचा नवरा सबंध वाटेत माझ्यासमोर बसून होता. डॉक्टरांनी सांगितल्यावर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "तुमी दमल्या असाल." एवढंच. मी त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही. माझ्या हातून काही राहिलं होतं असं नाही. रस्ता राहिला होता. तो अजूनही राहिलेलाच आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसले ती सांगते.

भाताची कापणी झाली की आमच्या भागात शेतं मोकळी होतात, आणि ज्या शेतांत वाल पेरलेला नसतो त्यांत क्रिकेट उगवतं. टेनिस बॉलच्या टुर्नामेंटा. बांध सपाट करून मैदान करतात, मंडप घालतात, मोठाले स्पीकर लावतात आणि कर्जत-खालापूरच्या गावोगावच्या टीमा रंगीत टीशर्टं घालून येतात. या टुर्नामेंटांची खरी शान खेळाडू नसतात, माइकवाला असतो. आणि माइकवाल्यांमध्ये काशीमामांसारखा दुसरा नाही. आठवडाभर नेरळ-कळंब लाइनवर रिक्षा चालवायची आणि रविवारी माइक धरायचा. "चेंडू उंच... अजून उंच... आनी गेला पाटलांच्या वालात! वाल शिजवायला घ्या वहिनी, आज घरात सहा धावा आल्यात!" लोक मॅच बघायला नाही, मामांना ऐकायला येतात.

त्या रविवारी आम्ही कशेळ्याला एक पेशंट सोडून रिकाम्या गाडीने कर्जतकडे परतत होतो. कडावच्या पुढे रस्त्याला लागूनच मैदान होतं. एकदम चारपाच जण टीशर्टातले रस्त्यावर आडवे आले, एकाच्या हातात स्टंप. वामनदादांना वाटलं मारामारी झाली. त्यांनी काचा वर घ्यायला सुरुवात केली.

"गाडी आत घ्या, गाडी आत घ्या!" स्टंपवाला ओरडत होता. "काशीमामा पडलं!"

गाडी शेतात उतरली. मंडपापाशी एवढी गर्दी की पडलेला माणूस दिसत नव्हता. मी शॉक द्यायचं यंत्र आणि बॅग घेऊन उडी मारली आणि 'बाजूला व्हा' असं ओरडत, कोपरं मारतच आत घुसले. मामा जमिनीवर. कुणीतरी त्यांच्या नाकाशी कांदा धरला होता, दुसऱ्याने तोंडावर पाणी मारलं होतं. चेहरा निळसर. मी हाका मारल्या, खांदे हलवले. काही नाही. मानेजवळ नाडी लागली नाही. तेवढ्यात त्यांनी तोंड उघडून एक मोठा आचका दिला.

"श्वास घेतला! जिवंत हायत! उचला, उचला!"

तो श्वास नव्हता. हृदय बंद पडलं की माणूस काही वेळ असे आचके देतो, मासा पाण्याबाहेर काढल्यावर देतो तसे. लोक त्यालाच श्वास समजतात आणि तिथेच घात होतो. मी गुडघ्यांवर बसले, छातीच्या मधोमध तळवा ठेवला, त्यावर दुसरा, कोपरं सरळ, आणि दाबायला सुरुवात केली.

याला सीपीआर म्हणतात. बंद पडलेल्या हृदयाचं काम बाहेरून हाताने करायचं. छाती चांगली दोन इंच खोल दबली पाहिजे आणि परत पूर्ण वर आली पाहिजे, जलद, न थांबता. थांबलं की मेंदूचं रक्त थांबतं. अशा माणसाला उचलून गाडीत घालायचं म्हणजे तेवढा वेळ हात थांबणार, आणि हलत्या गाडीत नीट दाबता येत नाही. म्हणून पहिलं काम जागेवरच करायचं असतं. हे मला माहीत होतं. त्या शेतातल्या पाचसहाशे माणसांना माहीत नव्हतं.

त्यांना दिसत होतं ते असं: अँब्युलन्स शेजारीच उभी, आणि ही बाई माणूस गाडीत घालायचा सोडून त्याच्या छातीवर बुक्के मारतीय.

"ओ बाई, काय करताय? गाडीत घाला!"

"मारतीय ती त्यानला!"

मामांचे धाकटे भाऊ विलास गर्दीतून पुढे आले. दांडगे, डोळे लाल. त्यांनी माझा दंड धरला. "माजा भाव हाय तो. उचला म्हनतो ना! काय झालं त्याला तर तुमाला इथनं जाऊ देनार नाय."

माझा हात थांबला होता. मी त्यांच्याकडे वर बघितलं आणि म्हटलं, "मला मारायचं असेल तर नंतर मारा. आता तुमच्या भावाच्या छातीवर हात ठेवा. मला यंत्र लावायचंय आणि मी दोन ठिकाणी पुरणार नाही."

त्यांच्या हाताची पकड सैल झाली.

"विलासदादा, बसा खाली!"

बसले. मी त्यांचा तळवा जागेवर ठेवला, कोपर सरळ केलं. "दाबा. अजून खोल. घाबरू नका, फासळी मोडली तर जुळेल." आणि मोठ्याने मोजायला लागले. "एक, दोन, तीन, चार..."

माझा आवाज सगळ्या शेतावर घुमला. मामांच्या हातातून पडलेला माइक माझ्या गुडघ्याशी चालूच होता. क्षणभर मीच दचकले. मग तो उचलून वामनदादांच्या हातात दिला आणि म्हटलं, "माझ्या तोंडाशी धरा."

"सगळ्यांनी ऐका. मामांचं हृदय बंद पडलंय. ते इथेच चालू करायचंय. कुणीही उचलायचं नाही. दोन्ही टीमच्या खेळाडूंनी हात धरून गोल करा आणि बाकीच्यांना मागे घ्या. ज्याच्या दंडात ताकद आहे त्याने इथे येऊन बसा."

आणि गर्दी मागे सरली. आधी त्याच माणसांना मी एवढं ओरडून सांगत होते, कोणी ऐकलं नव्हतं. स्पीकरवरून आलेलं मात्र ऐकलं. त्या स्पीकरवरून येईल ते ऐकायची त्यांना सवयच होती.

मी शर्ट कापला, छाती पुसली, यंत्राच्या दोन पट्ट्या चिकटवल्या. विलासदादा दमले तसा खालापूरच्या टीमचा फास्ट बोलर पुढे आला. निखिल नाव. उंच, काटक, खालापूरकडच्या एका कारखान्यात फिटर. त्याला एकदाच दाखवावं लागलं. मी मोजत होते, आणि दहा-बाराच्या पुढे माझ्याबरोबर आणखी आवाज यायला लागले. गोल करून उभी असलेली पोरं मोजत होती. मग मंडपातल्या बाया. मग सगळंच शेत.

यंत्र म्हणालं, बाजूला व्हा. मी ओरडले, "निखिल, हात काढ! कुणी शिवू नका!" आणि शॉक दिला. मामांचं अंग उडालं. बायांमध्ये रडारड उठली. "लगेच परत दाब," मी म्हटलं. पुन्हा मोजणं. पुन्हा यंत्र. पुन्हा शॉक. निखिलचा घाम मामांच्या छातीवर टपकत होता. मी मानेला बोट लावून बसले होते आणि मनात म्हणत होते, एवढ्या लोकांसमोर नको रे.

आणि बोटाखाली काहीतरी लागलं. बारीक. गेलं. परत लागलं. मग लागतच राहिलं.

"थांब निखिल."

"दमलो नाय ताई मी."

"तू नाही रे. ते चालू झालंय."

मी ऑक्सिजनचा मास्क लावायला घेतला. वामनदादांनीच, जे कधी बोलत नाहीत त्यांनी, माइक तोंडाशी नेला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "वाट द्या. मामांना घेऊन चाललो." त्या शेतात शिट्टी नाही, टाळी नाही. पोरांनी मोटारसायकली उचलून बाजूला ठेवल्या आणि रस्त्यापर्यंत वाट झाली.

कर्जतच्या सरकारी दवाखान्यात त्यांना सावरलं आणि तिथून आम्हीच पनवेलला नेलं. चौकच्या पुढे मामांनी डोळे उघडले. मास्क बाजूला करायचा प्रयत्न करत होते. सोबत आलेले विलासदादा वाकले.

"काय पायजे रं दादा?"

मामा कसेबसे म्हणाले, "स्कोर?"

विलासदादा माझ्याकडे बघून हसायला लागले आणि हसता हसताच ओक्साबोक्शी रडले. उतरताना त्यांनी माझा तोच दंड धरला, हलकेच, आणि सोडला. दंडावर त्यांच्या बोटांचे वळ आठवडाभर होते. नवऱ्याने विचारलं तर मी म्हटलं, सत्कार झाला.

मामांच्या हृदयातली बंद नळी उघडली. दोन फासळ्या मोडल्या होत्या, त्याही जुळल्या. रिक्षा आता मुलगा चालवतो. माइक मात्र मामांनी सोडला नाही, डॉक्टरांनी ओरडायचं नाही अशी अट घातली म्हणून खुर्चीत बसून हळू आवाजात बोलतात, आणि लोक पूर्वीपेक्षा जास्त शांत बसून ऐकतात. मैदानात दर फायनलच्या आधी ते मला बोलावतात. मी एक जुनी उशी घेऊन जाते आणि दोन्ही टीमच्या पोरांकडून दाबून घेते. मामा बाजूने कॉमेंटरी करतात. "यानं दाबलं तर मी मेलोच असतो! पुढचा या!" बायाही येतात. एक म्हातारी तर म्हणाली, "मला शिकव गं. माजा म्हातारा रोज पडतो." तिला सांगितलं, आजी, दारू पिऊन पडला तर नाही दाबायचं.

किती उपयोग होतो, हे मला माहीत नव्हतं. उशीवर सगळेच शूर असतात.

मग गेल्या पावसाळ्याच्या शेवटी, दुपारी, खालापूरकडच्या त्या कारखान्यातून कॉल आला. कँटीनमध्ये माणूस पडलाय. वाटेत ट्रकांची रांग लागली होती, वामनदादांनी गाडी कच्च्या कडेने घातली, तरी उशीर झालाच. अशा उशिराला काय असतं ते मला माहीत आहे. मी मनाची तयारी करूनच आत गेले.

कँटीनची बाकं भिंतीला लावून मधली जागा मोकळी केलेली. दाराशी एक जण नुसता उभा, आम्हाला वाट दाखवायला. कोणी आरडाओरडा करत नव्हतं. जमिनीवर पन्नाशीचा एक माणूस, कँटीनचा आचारी, अंगावर पिठाचा ॲप्रन. आणि त्याच्याशेजारी गुडघ्यांवर निखिल, कोपरं सरळ, दाबतोय. समोर आणखी दोघं पाळीसाठी बसलेले.

मी यंत्र उघडत म्हटलं, "निखिल, सरक, मी घेते."

"तुमी यंत्र लावा ताई," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "हात थांबवायचा नाय."

मी लावलं. एका शॉकमध्ये नाडी आली. गाडीत निखिलला सोबत घेतलं, पुन्हा बंद पडलं तर दुसरे हात हवेत म्हणून. पडलं नाही. आचारी पंधरवड्याने चालत घरी गेला, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी आम्ही त्याला पनवेलला डॉक्टरांच्या ताब्यात दिलं, तेव्हा त्याची बायको लांबून धावत येत होती आणि तिला सांगायला माझ्याकडे चांगलं काहीतरी होतं.

बाहेर आले तर निखिल गाडीच्या पायरीवर बसला होता. दाबून दाबून हात भरून आले होते. वामनदादांनी आणलेला चहा त्याला धरता येईना, म्हणून कप त्यांनी स्वतःच धरून ठेवला होता. पोरगा दोन घोट प्याला, मग त्याने खिशातून फोन काढला आणि आईला लावला.

"आये, जेवाय थांबू नको," तो म्हणाला. "येतो उशिरानं. काय नाय गं, जरा काम निगालं होतं."